मायाच्या मापाचा ओटा

भाट्ये, रत्नागिरी
९ जानेवारी २०२५

प्रिय माया,

जयभीम. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

माझा नंबर तू पाच वर्षांपूर्वी बंद करून टाकलास, म्हणून हा कागद. पत्ता कुणाला विचारावा लागला नाही. अहमदपूरच्या त्याच घरात मीही लहानाची मोठी झाले आहे.

आम्ही समुद्राकाठी आलोय. मी, तुझे दाजी आणि मुन्शी, आता चांगलं मोठं कुत्रं झालाय. दाजींनी ती गाडी शेवटी बांधलीच. बोलेरोच्या मागे जोडायची चाकांवरची खोली, दोघांना झोपायला पलंग, गॅस, पाण्याची टाकी, खिडकीला जाळी. विष्णुपुरीच्या पाटबंधारे वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून तीन वर्षं ते त्याच नादात होते. आरटीओच्या पासिंगलाच आठ महिने गेले. इकडे लोकांना वाटतं आम्ही काहीतरी विकायला आलोय. काल एक बाई खिडकीशी येऊन विचारती झाली, "वडापाव आसा?" हे म्हणाले, "न्हाई बाई, आमीच हावोत आत." लई हसलो.

गाडी मी चालवते. हे वाचून तू दोन मिनिटं थांबली असशील. पॅरालिसिसनंतर ह्यांचा डावा हात अजून पुरता वळत नाही, डॉक्टरांनी स्टेअरिंग धरू दिलं नाही. गेल्या मे महिन्यात उमरीच्या शाळेतून माझा निरोपसमारंभ झाला आणि जूनच्या एक तारखेला मी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले. अठ्ठावन्न वर्षांची बाई. मागे खोली जोडली की गाडी रिव्हर्स घेताना सगळं उलटं होतं, डावीकडे वळवलं तर मागचं उजवीकडे जातं. विष्णुपुरीच्या रस्त्यावर महिनाभर घाम गाळला तेव्हा जमलं. परवा आंबा घाट उतरले. सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये.

रस्ता लोहा, अहमदपूर, लातूर असाच होता, दुसरा कुठून असणार. अहमदपूरच्या स्टँडसमोर हे म्हणाले, "च्या घ्यायचा का?" मी म्हणाले, चाकूरला घेऊ. चाकूरलाही थांबले नाही. ह्यांनी मान वळवून मागे पाहिलं, मला आरशात दिसलं.

समुद्र छान आहे. म्हटलं तुला कळवावं.

पंचशीला अक्का

*

देवगड
१५ जानेवारी २०२५

माया,

पहिलं पत्र पुन्हा मनात वाचलं. त्यात निव्वळ मिरवणं होतं. तुला कळलंच असेल.

आज सकाळी पोळ्या करताना माझे हात दुखायला लागले. गाडीतला ओटा मला उंच पडतो. मी छोट्या स्टुलावर उभी राहून स्वयंपाक करते आणि गाडी हलली की स्टूल हलतं. नांदेडला गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ह्यांना विचारलं, ओटा एवढा उंच का? हे म्हणाले, "वहीत हेच माप हाय." वही म्हणजे तुझी वही, ह्यांच्या आजारपणात तुम्ही दोघांनी ह्या गाडीची मापं आणि समुद्राकाठचा रस्ता लिहिला ती. निळ्या पुठ्ठ्याची. ह्यांना तेव्हा उठता येत नव्हतं, तर तू भिंतीशी उभी राहिलीस आणि ह्यांनी पलंगावरून टेपाचं दुसरं टोक धरलं. पाच फूट सहा इंच. आमच्या घरात तेवढी उंची कुणाचीच नाही.

मी ओटा कापून घेऊ शकले असते. हे म्हणालेही होते, कापून देतो. मी नको म्हणाले. रोज त्या स्टुलावर चढायचं आणि रोज चिडायचं, हे मला हवं होतं बहुतेक.

२०१९चा तो पावसाळा मी विसरले नाही आणि तूही नसशील. ह्यांना झटका आला तेव्हा माझी रजा संपलेली, उमरीला जाणं-येणं रोजचं. तू लातूरच्या हॉस्पिटलमधली नर्सची नोकरी सोडून आलीस. पाच महिने. ह्यांचं अंगपुसणं, बेडपॅन, जेवण भरवणं, बोटांचे व्यायाम, सगळं तू केलंस. मुन्शीलाही तूच आणलंस, एवढंसं कुत्र्याचं पिल्लू, म्हणालीस, "दाजी, डाव्या हातानं ह्याचे केस धरा, मुठीला जोर येईल." मी संध्याकाळी सहाच्या गाडीने उतरून घरी यायचे तर जिन्यावर तुमचं हसणं ऐकू यायचं. मी चप्पल काढेपर्यंत ते थांबायचं. मग तू म्हणायचीस, "आलीस अक्का? च्या टाकते." माझ्या घरात मला पाहुणीसारखा चहा.

एकदा मी लवकर आले. शाळेला अर्धी सुट्टी होती. दार लोटलेलं होतं. हे रडत होते आणि तू नुसती पलंगाजवळ बसली होतीस, हात धरून. मी तशीच उलटी फिरले, गल्लीच्या टोकाशी जाऊन अर्धा तास उभी राहिले आणि नेहमीच्या वेळेला घरी आले. तुम्हा दोघांनाही हे माहीत नाही. आज पहिल्यांदा सांगते.

मी गाडी शिकले ती हौस म्हणून नाही. ह्यांच्या शेजारी दुसरं कुणी बसू नये म्हणून शिकले. नर्सबाईला गाडी येते, हे मला माहीत होतं.

अजून एक गोष्ट आहे. ती लिहायला बसले होते, पण ह्यांनी हाक मारलीय. मुन्शी खेकड्याच्या मागे पळालाय.

अक्का

*

तोंडवळी, मालवणजवळ
२० जानेवारी २०२५

माया,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला. तू ठेवलास त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. आणि त्याच्या आधीचंही, फोनमधून जे दिसत नाही ते सांगते.

इथे एका बाईंच्या माडांच्या वाडीत गाडी लावलीय. काल सकाळी मुन्शी किनाऱ्यावर कोळ्यांनी टाकलेलं मासळीचं डोकं चघळायला गेला आणि किंचाळत परत आला. खालच्या ओठात गळ रुतलेला. मासे धरायचा मोठा गळ, दोरीचा तुकडा लोंबत होता. रक्त, लाळ, आणि तो पंजाने ओढायला बघायचा तर आणखी आत जायचा. रविवार. वाडीवाल्या बाईंनी जनावरांच्या डॉक्टरला फोन केला, तो कणकवलीला लग्नाला गेलेला. मी मुन्शीला दोन्ही मांड्यांमध्ये धरून वाळूवर बसले. माझे दोन्ही हात त्याच्या जबड्यावर.

हे म्हणाले, "मायाला लावतो. तिला ठाऊक असंल."

मी म्हणाले, "नको. थांबा जरा."

"थांबून काय करायचं? रक्त बघून राहिलीस न्हाई का?"

"अहो, आधी माझं ऐका. मला काही सांगायचंय."

"आत्ता?" असं म्हणून ह्यांनी फोन लावला आणि तो स्पीकरवर माझ्याच बाजूला वाळूत ठेवला. माझे हात सुटे असते तर मी तो फोन समुद्रात टाकला असता. खरं सांगते.

तू पहिल्याच रिंगला उचललास. "दाजी?" म्हणालीस. पाच वर्षांनी, आणि तू पहिल्या रिंगला उचलतेस. कुत्रं मांडीत विव्हळत होतं आणि मी त्यावर जळत होते.

तू सांगितलंस तसं ह्यांनी केलं. मागे ओढू नका, पुढे ढकला, काटा बाहेर आला की कापा, मग उलटा काढा. ह्यांनी हत्यारांच्या पेटीतून कटर काढला. डावा हात थरथरत होता, तू म्हणालीस, "दाजी, कोपर गुडघ्यावर टेकवा." टेकवलं आणि थरथर थांबली. तुला दिसत नव्हतं तरी तुला कळलं की हात थरथरतोय. कट झालं, गळ निघाला. मुन्शी माझ्या मांडीतून उठून फोनजवळ गेला आणि फोनला हुंगायला लागला. हेही तुला दिसलं नाही.

मग हे म्हणाले, "माया, तुला लई तरास दिला गं तवा. तू कंटाळून गेलीस, बरोबरच होतं तुझं. म्हणून कधी फोन केला न्हाई."

आणि तू म्हणालीस, "मी कंटाळले? दाजी, तुमीच अक्काजवळ निरोप दिलात ना, मायाला जायला सांग, मला अवघड हून राहिलं म्हणून?"

समुद्राचा आवाज तुला ऐकू आला असेल. मग तू ठेवलास.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शीला, खरं काय हाय?"

मी सांगितलं. मागच्या पत्रात तुला लिहायचं राहिलं ते हेच, माया. शेजाऱ्यांनी ह्यांना फिजिओथेरपीला नेलं होतं त्या सकाळी मी शाळेला दांडी मारली आणि तुला म्हणाले की दाजींना तुझ्याकडून करून घ्यायला लाज वाटते, त्यांनीच सांगितलंय तू जावंस. वर म्हणाले, स्वतःचा संसार टिकला नाही म्हणून माझ्यात येऊन बसलीस का. तू अर्ध्या तासात पिशवी भरलीस. आणि हे परत आले तेव्हा ह्यांना सांगितलं, माया म्हणाली, मला आता दाजींचं करून करून कंटाळा आला, हागणं-मुतणं किती दिवस काढू. तुझ्या तोंडी मी हे घातलं. त्या दिवसापासून ह्यांनी बेडपॅन घ्यायचं बंद केलं, भिंत धरत, पडत-झडत संडासला जायला लागले. मी सगळ्यांना सांगायची, बघा, किती लवकर सुधारले.

काल ह्यांनी एवढंच विचारलं, "का?"

मी म्हणाले, "तुम्ही तिच्याजवळ हसायचात."

हे उठले. कटर धुतला, पुसला, पेटीत ठेवला. दुपारी जेवले नाहीत. आज सकाळी पिशवी भरून म्हणाले, "मी अहमदपूरला जाऊन येतो. मुन्शीला इथंच ठीव, त्याला बस झेपायची न्हाई."

"मी गाडीनं सोडते, सगळेच जाऊ."

"नको. एवढं माझं मी जाईन."

मालवण स्टँडवर मी त्यांना कोल्हापूरच्या एसटीत बसवलं. काठी आधी वर, मग उजवा पाय, मग डावा. मी मदतीला हात पुढे केला, त्यांनी खांब धरला.

हे पत्र पोचेल तेव्हा ते तुझ्या घरी बसलेले असतील. कदाचित पोस्टमनकडून तेच घेतील.

पंचशीला

*

तोंडवळी
२४ जानेवारी २०२५

माया,

चार दिवस झाले. ह्यांचा "पोचलो" एवढाच मेसेज आहे.

मला सगळं दिसतं. बाबांच्या लाकडी खुर्चीत ते बसलेत, तू सकाळी चुरमुऱ्यांचा सुसला केलायस, वरून शेंगदाण्याचं कूट घातलंयस, मी घालत नाही ते. तू विचारतेस, दाजी, अजून देऊ? ते हाव म्हणतात. मला घरी ते कधी अजून मागत नाहीत. तुमची बोलणी माझ्यावरच चाललेली असतील, किंवा माझ्यावर अजिबात नसतील. दुसरं जास्त लागतं.

मंगळवारी मी ठरवलं, उठायचं आणि नांदेडला निघून जायचं. गाडी खोलीला जोडायला घेतली. जॅक फिरवून फिरवून हाताला फोड आले, पण जोडली एकटीने. मग स्टेअरिंगवर बसले आणि विचार केला, घरी जाऊन काय करणार? शेजारच्या उज्वलाबाई विचारतील, साहेब कुठं आहेत? तिथेही मला काहीतरी बनवूनच सांगावं लागेल. मला बनवून सांगायचा कंटाळा आलाय गं. परत उतरले, गाडी सोडवली.

वाडीवाल्या बाई नवऱ्याचं रोज विचारतात, "घोव खंय गेलो?" पहिल्या दिवशी मी म्हणाले, बँकेचं काम होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तब्येत दाखवायला. काल त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या बहिणीकडे गेलेत. मी तिच्याशी वाईट वागले होते, खोटं बोलून तिला घालवलं. ते आता तिची माफी मागायला गेलेत, माझ्या वतीनं नाही, त्यांच्या स्वतःच्या." बाई नारळ सोलत होत्या. थांबल्या, मग म्हणाल्या, "मग तू हय कित्या बसलंस?" मी इथे का बसलेय, असं.

मी मुन्शीला औषध लावायला उठले.

मुन्शीचा ओठ सुकत आलाय. तो रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. एसटी आली की उठतो, गेली की बसतो. मी त्याच्यावर रागावले काल, म्हटलं, तुला रोज दूध मी घालते, पाच वर्षं मी घालतेय. मग माझंच मला कळलं की मी आता कुत्र्याशी भांडतेय.

तू ह्यांना ठेवून घेतेस तर ठेव. नाही, हे खरं नाही. ठेवू नकोस. पाठव त्यांना. आणि तुला वाटलं तर तूही ये. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

अक्का

*

कारवार
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय माया,

तुला कुडाळच्या स्टँडवर बसवून आज चार दिवस झाले. मग आम्ही गोवा ओलांडून इकडे आलो. हे पुढच्या खिडकीत बसून वही उघडून बघतायत, कुठे थांबायचं. माझ्याशी बोलतात, पण मोजकं. परवा मी विचारलं, अजून किती दिवस राग? म्हणाले, "राग न्हाई शीला. पाच वर्षं मला वाटून राहिलं होतं, त्या पोरीला माझी किळस आली. ते येकदम कसं जाईल? येळ लागंल." मी म्हटलं, लागू द्या. आता मी त्यांना सगळं सांगते, अगदी लाज वाटेल असंही. देवगडला तुला लिहिलेलं ते गल्लीच्या टोकाशी अर्धा तास उभं राहणं, तेही सांगितलं. ते म्हणाले, "आत यायचं व्हतंस."

तू ह्यांच्याबरोबर तोंडवळीला आलीस त्या दिवशी मी तुझ्या पायाकडे बघत होते, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. तू म्हणालीस, "मी माफ करायला आले न्हाई अक्का. समुद्र बघायला आले. मी पण बघणार होते पाच वर्षांआधी." मी म्हणाले, बघ. दुसरं काय म्हणणार. तू आणि हे किनाऱ्यावर बसलात, मी गाडीत भात टाकत होते, आणि जाळीतून तुमच्याकडे बघत होते. इतकं सगळं होऊनही. तुला खोटं लिहिणार नाही. जळतच होते. फरक एवढाच की भाताचा गॅस बंद करून मी बाहेर आले आणि तुमच्याजवळ वाळूत बसले. तिघांना पुरेल एवढा तो किनारा होता, हे मला बसल्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी तू मला पाण्यात नेलंस. गुडघ्याएवढ्या पाण्यात, साड्या खोचून. लाट आली की मी तुझा दंड धरायची आणि गेली की सोडायची. तिथे तू विचारलंस, "खरं सांग अक्का. तुला खरंच तसं वाटत व्हतं का, माझ्याबद्दल आन दाजींबद्दल?"

मी म्हणाले, "नाही. तसं काही नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं."

"मग?"

"ते तुझ्यापाशी रडले. मी त्यांच्याबरोबर तीस वर्षं राहिले होते, माझ्यापाशी कधी रडले नाहीत."

तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की जणू मी पेशंट आहे. मग म्हणालीस, "तुझ्यापुढं रडायची त्यांना लाज वाटायची. माझी न्हाई वाटायची. मी नर्स हाय अक्का. माझ्यापुढं सगळेच रडतात." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "त्यात येवढं काय व्हतं गं?"

काही नव्हतं, माया. त्या काही नसलेल्या गोष्टीपायी मी नोकरी सोडून आलेल्या तुला घालवलं, तुझ्या दाजींना भिंती धरायला लावल्या, आईच्या पुण्यानुमोदनाला आपण दोघी विहाराच्या दोन टोकांना बसलो. मोठी लाट आली आणि तुझं उत्तर द्यायचं राहून गेलं. ते इथे लिहून देते.

तू सांगितलंस की नंबर बंदच राहू दे, दाजींच्या फोनवर बोलेन, तुझ्याशी नाही. बरं. मी ह्यांना फोन देऊन बाहेर जाऊन उभी राहीन. कान लावणार नाही असं वचन देत नाही.

कुडाळला तुझी बस लागली तेव्हा तू मुन्शीच्या डोक्यावरून हात फिरवलास. ह्यांना म्हणालीस, "गोळ्या वेळेवर घ्या." मग बसमध्ये चढलीस. मला काहीच म्हणाली नव्हतीस आणि मी समजून घेतलं होतं. बस सुरू झाली, तेव्हा तू खिडकीची काच सरकवून म्हणालीस, "अक्का, उतारावर जपून चालव."

ह्यांना तीन शब्द आणि मला चार. मी मोजले.

तुझी अक्का